पोट सुटलं, पण चाक लटकलं: चंद्रा नदीकाठच्या नाल्यातलं एअर सस्पेन्शनचं एक प्रकरण

एअर सस्पेन्शनची, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी दगडावर टेकली की चालकाचा हात आपोआप उंची वाढवायच्या बटणाकडे जातो. पोट दगडावरून सुटेपर्यंत ते बरोबरच आहे. पण पोट सुटूनही गाडी हलत नसेल आणि तरी तेच बटण दाबलं जात असेल, तर प्रत्येक दाबासरशी चाकांची पकड कमी होत जाते. हिमाचलमधल्या ग्राम्फू ते बातल या रस्त्यावर, छत्रूच्या पुढच्या एका नाल्यात हे इतकं स्पष्ट पाहायला मिळालं की सगळं क्रमाने लिहून ठेवावंसं वाटलं. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून दर हंगामात मोठ्या फोर-बाय-फोर गाड्या लाहौल-स्पितीला जातात. त्यातल्या काहींना एअर सस्पेन्शन असतं. बटणं कोणती ते गाडी घेताना सांगितलं जातं. कोणतं कधी दाबायचं नाही, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेलं नसतं.

जागा आणि वेळ

ग्राम्फूला रोहतांगवरून येणारा जुना मनाली-लेह रस्ता सोडून स्पितीचा फाटा लागतो. तिथून छत्रू, छोटा दडा, बातल आणि मग कुंझुम खिंडीची चढण. डाव्या-उजव्या अंगाला हिमनद्यांनी आणून टाकलेला राडारोडा आणि खाली चंद्रा नदी. रस्ता म्हणजे गोटे, खडी आणि वरून येणारं पाणी. काही ठिकाणी काम चालू असतं, पण नाले अजूनही नालेच आहेत. त्यांचा एक नियम या भागात फिरलेल्या प्रत्येकाला माहीत असतो: सकाळी पाणी कमी, दुपारी जास्त. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार होते आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओघ गुडघ्यावर जातो. पाण्याबरोबर गोटेही सरकतात, त्यामुळे काल ज्या वाटेने गाडी गेली ती वाट आज तशीच असेल याची खात्री नसते.

ऑगस्टचा शेवट होता. आधीच्या एका ठिकाणी दरड हटवेपर्यंत रस्ता बंद होता, म्हणून या नाल्यावर पोहोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

नाल्याची रुंदी फार नव्हती, दोन-तीन गाड्या मावतील एवढीच. पण आधी गेलेल्या ट्रकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि त्या ओघाला तिरक्या छेदत होत्या. चाकोऱ्यांच्या मधोमध एक मोठा गुळगुळीत धोंडा होता, अर्धा पाण्याखाली. धोंड्याच्या लगेच पुढे, डाव्या चाकोरीत, पाण्याने खणलेला खड्डा. गढूळ पाण्यामुळे खड्डा वरून दिसत नव्हता.

दोन गाड्या

आमच्यात दोन गाड्या होत्या. पुढे 2020 नंतरची थार, मागे लँड रोव्हर डिस्कव्हरी 4. थार चालवणारा डिस्कव्हरीवाल्या दादांचा पुतण्या, आणि मी त्याच्या शेजारी. दादा सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार. गाडी जपून चालवणारे आणि डोंगरातल्या रस्त्यांची सवय असलेले.

या दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवले की प्रकरणाची निम्मी उकल होते. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि पोट यांच्यातलं अंतर, 226 मि.मी. डिस्कव्हरीचा नेहमीच्या उंचीला 185 आणि बटणाने उचलून घेतलेल्या ऑफ-रोड उंचीला 240. म्हणजे उचललेली डिस्कव्हरी थारपेक्षा 14 मि.मी.ने उंच. पाण्यातली क्षमताही तिचीच जास्त: थारला 650 मि.मी., ऑफ-रोड उंचीवरच्या डिस्कव्हरीला 700. कागदावर पाहिलं तर थार अडकावी आणि डिस्कव्हरी निघावी. झालं उलट. थार त्याच चाकोऱ्यांतून एक गचका खाऊन पलीकडे गेली आणि डिस्कव्हरी टेकली.

कारण व्हीलबेस. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2,450 मि.मी. अंतर आहे, डिस्कव्हरीच्या 2,885. मधल्या उंचवट्यावरून जाताना पोट टेकेल की नाही हे ग्राउंड क्लिअरन्स आणि व्हीलबेस दोन्ही मिळून ठरवतात. जवळजवळ अर्धा मीटर जास्त लांबीचं पोट असलेल्या गाडीला तेवढ्याच धोंड्यावरून जाण्यासाठी बरीच जास्त उंची लागते, आणि इथे मिळालेले 14 मि.मी. त्याला पुरेसे नव्हते. शिवाय थारची मागची धुरा अखंड आहे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली रेटलं जातं. डिस्कव्हरीची चारही चाकं स्वतंत्र. वजनही तिचं अडीच टनांच्या वर.

एक गोष्ट आणखी. अखंड धुरेच्या गाडीत सगळ्यात खाली असतो तो डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचा गोळा, आणि चाक दगडावर चढलं की तोही चाकाबरोबर वर जातो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाक वर दाबलं गेलं की पोट तिथेच राहतं किंवा वजनाने आणखी खाली येतं. म्हणून 240 हा आकडा गाडी सपाट जागेवर उभी असतानाचा आहे, दगडांत चालताना तो सतत कमी-जास्त होत असतो.

काय घडलं

दादांनी सगळं शिस्तीत केलं होतं. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारे गिअर), टेरेन रिस्पॉन्स या रस्त्याप्रमाणे गाडी जुळवणाऱ्या यंत्रणेवर दगडांसाठीचा रॉक क्रॉल, सस्पेन्शन ऑफ-रोड उंचीला, टायरमधली हवा कमी केलेली. थारच्या मागोमाग त्याच चाकोऱ्यांत गाडी घातली, धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेऊन. पुढची चाकं धोंड्याच्या बाजूने गेली आणि डावं पुढचं चाक त्या न दिसणाऱ्या खड्ड्यात उतरलं. नाक डावीकडे झुकलं, पोट खाली आलं आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) खालचा संरक्षक पत्रा धोंड्यावर बसला. तो आवाज पलीकडच्या काठापर्यंत आला.

पुढची गोष्ट गाडीने स्वतः केली. टेकल्यामुळे चाकांवरचं वजन उतरलं आहे हे यंत्रणेने ओळखलं आणि ती ऑफ-रोडच्याही वरच्या उंचीला जाऊ लागली. या गाड्यांमध्ये ही सोय मुद्दाम दिलेली असते. काठावरून पाहताना गाडीचं अंग हळूहळू वर येताना दिसत होतं, आधी मागून, मग पुढून. पत्रा आणि धोंडा यांच्यात तीन-चार बोटांची फट पडली आणि तिच्यातून पाणी वाहायला लागलं. पोट सुटलं होतं.

दादांनी हलका थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दिला. डावं पुढचं चाक खड्ड्यात, पाण्यात मोकळं फिरलं. तिरक्या कोपऱ्यातलं उजवं मागचं चाकही जवळजवळ वजनाविना होतं, तेही फिरलं. ट्रॅक्शन कंट्रोलचा खडखड आवाज आला, म्हणजे फिरणाऱ्या चाकांना ब्रेक लावून जोर उरलेल्या दोन चाकांकडे पाठवायची खटपट चालू होती. पण ती दोन चाकं ओल्या गोल गोट्यांवर होती. गाडी वीतभर पुढे सरकली, डुलली आणि परत मागे बसली. उखणलेल्या अंगणात टाकलेली बाज जशी तिरक्या कोपऱ्यातल्या दोन पायांवर डुलते, तशीच.

मग दादांनी ब्रेक दाबून धरला आणि वरचं बटण दाबून ठेवलं. आणखी उंचीसाठी. फुग्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज सुरू झाला. गाडी किंचित वर गेली असेल-नसेल. पुन्हा थ्रॉटल, पुन्हा तेच. पुन्हा बटण. थोड्या वेळाने कॉम्प्रेसर थांबला आणि सस्पेन्शन थंड होईपर्यंत उंची वाढवता येणार नाही, असा संदेश आला.

उंचीची किंमत

इथे थोडं थांबून एअर सस्पेन्शन नेमकं काय करतं ते पाहायला हवं, कारण गोंधळ इथेच होतो.

लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा असतो आणि त्यात हवा. हवेचा दाब आणि फुग्याचं क्षेत्रफळ मिळून गाडीचं वजन पेलतं. गाडी उचलायची म्हणजे फुग्यात जास्त हवा भरायची. गाडीचं वजन बदललेलं नसतं, त्यामुळे फुग्यातला दाब जवळपास तेवढाच राहतो. वाढतं ते त्याचं आकारमान. अनेकांचा समज असा की उचललेली गाडी कडक होते कारण फुगे टणक होतात. खरं कारण वेगळं आहे. गाडी उचलल्यावर चाक आधीच बरंच खाली उतरलेलं असतं. ते आणखी खाली जायला लागलं की शॉक अ‍ॅब्सॉर्बर आपल्या शेवटच्या टोकाला जाऊन ठोकतो. तो ठोका आपल्याला कडकपणा म्हणून जाणवतो.

समजुतीसाठी गोल आकडे धरू. चाकाची एकूण हालचाल 250 मि.मी. आहे आणि नेहमीच्या उंचीला चाक बरोबर मधे उभं आहे. म्हणजे वर जायला 125 आणि खाली जायला 125. आता गाडी 55 मि.मी. उचलली. चाकाला वर जायला 180 मिळाले, पण खाली जायला उरले फक्त 70. आणखी 30 उचलली तर खाली जायला 40. सस्पेन्शनची एकूण हालचाल तेवढीच राहते. आपण फक्त ती वरच्या बाजूला वापरायची की खालच्या, हे ठरवत असतो. पोटासाठी उंची घेतली की ती चाकाच्या खाली जाण्याच्या मुभेतून वजा होते.

नाल्यात हेच झालं. डावं पुढचं चाक खड्ड्यात जेवढं उतरू शकत होतं तेवढं उतरलेलं होतं आणि तरी तळाला टेकलेलं नव्हतं. ते शेवटच्या टोकाला लटकलेलं होतं. अशा वेळी गाडी उचलली की उचलण्याचं काम बाकीची टेकलेली चाकं करतात आणि लटकलेलं चाक गाडीच्या अंगाबरोबर वर ओढलं जातं, म्हणजे खड्ड्याच्या तळापासून आणखी दूर. दादांच्या प्रत्येक दाबाने ते चाक जमिनीपासून लांब जात होतं. पोट अडलं होतं तेव्हा उंची हे उत्तर होतं. पोट सुटल्या क्षणी प्रश्न बदलला, तो पकडीचा झाला, आणि पकडीसाठी उंची हे चुकीचं उत्तर आहे.

या मांडणीचा आणखी एक भाग लक्षात घ्यायला हवा. 2004 साली आलेल्या डिस्कव्हरी 3 पासून डावा आणि उजवा असे दोन फुगे हवेच्या नळीने जोडायची सोय आहे. ऑफ-रोड उंचीला, कमी वेगात, मधला व्हॉल्व्ह उघडतो. एका बाजूचं चाक दगडावर चढून त्याचा फुगा दाबला गेला की तिथली हवा दुसऱ्या बाजूच्या फुग्यात जाते आणि ते चाक खाली रेटलं जातं. अखंड धुरा जे नैसर्गिकपणे करते ते स्वतंत्र सस्पेन्शनकडून करून घ्यायची ही युक्ती आहे आणि ती खरोखर चांगली आहे. पण ती कामाला यायची तर दुसऱ्या चाकाला खाली जायला जागा हवी. चाक आधीच टोकाला लटकलेलं असेल तर त्याच्या फुग्यात कितीही हवा गेली तरी ते खाली जाणार कुठे?

म्हणून माझं ठाम मत आहे की सर्वात वरची उंची ही सुटकेची उंची आहे, चालवायची नाही. दगडावरून पोट मोकळं करायचं, वीत-दोन वीत सरकायचं आणि लगेच एक पायरी खाली यायचं.

विरळ हवा आणि तापलेला कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसर बंद पडला याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं, पण तो बिघाड नव्हता. हे कॉम्प्रेसर छोटे असतात, थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेले. तापमान मर्यादेबाहेर गेलं की यंत्रणा त्यांना विश्रांती देते, नाहीतर ते जळतील. प्रश्न असा की तो इतक्या लवकर का तापला.

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. कुंझुमवर, साडेचार हजार मीटरच्या वर, तो 60 टक्क्यांच्याही खाली जातो. बाहेरची हवा ओढून घेणाऱ्या यंत्रणेला इथे प्रत्येक फेऱ्यात कमी हवा मिळते. तेवढीच उंची गाठायला कॉम्प्रेसर सांगलीत जितका वेळ चालेल त्याच्या दीडपट चालावा लागतो आणि त्याला थंड करणारी हवाही विरळच असते. जीप ग्रँड चेरोकीच्या 2011 च्या पिढीत आलेल्या क्वाड्रा-लिफ्टसारख्या काही यंत्रणा नायट्रोजन भरलेल्या आणि बंद असतात. त्यात वायू टाकी आणि फुगे यांच्यातच फिरतो, बाहेरून घ्यावा लागत नाही. डिस्कव्हरीची यंत्रणा बाहेरची हवा घेते आणि गाडी खाली आणताना ती बाहेर सोडते.

यात टाकीचं महत्त्व कळतं. इंजिन चालू असताना कॉम्प्रेसर सवडीने एका टाकीत दाबाखाली हवा साठवून ठेवतो. टाकी भरलेली असेल तर पहिली उचल झटकन होते आणि कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. ही पहिली उचल म्हणजे गाडीतला राखीव साठा आहे. आणि तो साठा छत्रूपासूनच्या वाटेवर खर्च झाला होता. दादा प्रत्येक नाल्यापाशी गाडी वर घेत होते आणि पुढच्या बऱ्या तुकड्यावर आरामासाठी परत खाली. दर वेळी खाली आणताना हवा बाहेर, दर वेळी वर नेताना टाकी रिकामी. या रस्त्यावर वेग क्वचितच ताशी वीस किलोमीटरच्या वर जातो. ऑफ-रोड उंची सुटते ती ताशी 50 च्या पुढे गेल्यावर. म्हणजे ग्राम्फू सोडल्यापासून बातलपर्यंत गाडी ऑफ-रोड उंचीलाच ठेवली असती तरी काही बिघडलं नसतं, थोडे हादरे जास्त बसले असते इतकंच.

दुबईत वाळूत गाड्या नेणाऱ्या आपल्या मंडळींचा अनुभव नेमका याच्या विरुद्ध बाजूचा असतो. तिथे टेकडीवर चढायला वेग लागतो, वेग मर्यादेच्या वर गेला की गाडी आपोआप खाली येते आणि टेकडीच्या माथ्यावर पोट टेकतं. तिथे वेगावर लक्ष ठेवावं लागतं, इथे हवेच्या साठ्यावर.

सुटका

मी पाण्यातून अलीकडे आलो तेव्हा दादांनी काच खाली केली.

“कॉम्प्रेसर गार झाला की अजून उचलतो, थांब जरा.”

“दादा, उचलू नका. आता खाली घ्यायची आहे.”

“खाली? खाली धोंडा हाय की!”

त्यांचं म्हणणं खरं होतं. तसंच बटण दाबून गाडी खाली आणली असती तर पत्रा परत धोंड्यावर बसला असता. म्हणून आधी खड्डा भरायचा, मग उतरायचं. उंची सस्पेन्शनकडून काढून घ्यायची आणि ती चाकाखाली दगडांनी द्यायची. यात एक मोठी सोयीची गोष्ट होती, जी त्या गडबडीत सुचत नाही: खाली यायला कॉम्प्रेसर लागत नाही. हवा फक्त सोडायची असते. कॉम्प्रेसर थंड व्हायची वाट पाहत वाढत्या पाण्यात उभं राहायचं कारणच नव्हतं.

त्याआधी दोन गोष्टी पक्क्या केल्या. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, दादांचा पाय ब्रेकवर. आणि कोणीही दार उघडायचं नाही. या गाडीत उभ्या असताना दार उघडलं की उंचीचा बदल मधेच थांबतो. ही सोय सुरक्षिततेसाठी आहे, पण नाल्यात ती अवचित आडवी येऊ शकते: कोणीतरी खाली उतरून पाहायला जातं आणि गाडी अर्धवट उंचीला अडकते.

दगड चाकाखाली घालताना हात चाकाच्या कमानीत घालायचा नाही, हे मी इथे जोर देऊन लिहितो. हवेवर उभी असलेली गाडी एखादा व्हॉल्व्ह उघडला तर काही सेकंदांत हातभर नसली तरी वीतभर खाली येऊ शकते, आणि तिचं वजन अडीच टन आहे. तिच्या पोटाखाली डोकं घालून पाहायचं तर आधी चेसिसखाली पक्का आधार लावायला हवा. पाण्यात तसा आधार शक्य नव्हता, म्हणून कोणी पोटाखाली वाकलंच नाही. चपटे दगड बाजूने, पायाने आणि काठीने सरकवत खड्ड्यात भरले. पाणी इतकं गार होतं की पाच-सहा दगडांनंतर बोटं वळेनाशी व्हायची, म्हणून मी आणि पुतण्या आळीपाळीने करत होतो. गोल गोटे टाळले, ते चाकाच्या जोराने उडतात. मोठे चपटे खाली, बारके वर, चाकाला टेकतील इतके.

मग दादांनी खालचं बटण एकदा दाबलं. सुस्कारल्यासारखा आवाज झाला आणि गाडी ऑफ-रोड उंचीला आली. डाव्या पुढच्या टायरचा खालचा भाग दगडांवर बसताना दिसला, टायर किंचित दबला. इतका वेळ लटकलेल्या चाकावर पहिल्यांदा वजन आलं. पत्रा आणि धोंड्यातली फट कमी झाली, पण मिटली नाही, कारण तो कोपरा आता दगडांनी उचललेला होता.

पुढे जायचा विचार कोणीच केला नाही. पुढे गेलो असतो तर तोच धोंडा मागच्या सबफ्रेमखाली (मागची चाकं बसवलेल्या सांगाड्याखाली) आला असता. थारपासून डिस्कव्हरीच्या पुढच्या हुकापर्यंत पट्टा जोडून ढिला ठेवला, निव्वळ खबरदारी म्हणून. रिव्हर्स, लो रेंज, थ्रॉटल जवळजवळ नाहीच. चारही चाकं एकदम धरली आणि गाडी चढून मागे आली.

नंतरची वाट वेगळी घेतली. धोंडा दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, डाव्या चाकाखाली घ्यायचा. दगडांत गाडी चालवण्याचा हा सगळ्यात जुना धडा आहे आणि एअर सस्पेन्शनच्या गाडीत तो विसरला जातो, कारण मालकाला वाटतं उंची आहे, मधून निघेल. पण धोंड्यावर टायर चढला की गाडीचं अख्खं अंग त्या बाजूने वर जातं, पोट त्याच्यापासून लांब राहतं. डावं चाक चढलं, त्याचा फुगा दबला, आणि उजवं चाक स्वतःच्या चाकोरीत खाली उतरत दाबलं गेलं. ती जोडनळीची युक्ती इथे कशी काम करते ते काठावरून दिसत होतं: डावीकडे कमानीत टायर पार वर गेलेला, उजवीकडे कमान आणि टायर यांच्यात भरपूर मोकळी जागा. ट्रॅक्शन कंट्रोल एकदाही खडखडला नाही. मागची चाकं त्याच ओळीने आली आणि गाडी पलीकडे.

बातलला

संध्याकाळी बातलला ढाब्यापाशी गाडी लावली ती आधी जमीन पाहून. एअर सस्पेन्शनच्या अनेक गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जाग्या होऊन चारही कोपरे समपातळीत आणतात आणि त्यासाठी एखादा कोपरा खाली घेतात. खालच्या पट्टीखाली दगड असेल तर रात्रीतून गाडी त्याच्यावर बसू शकते. थंडीनेही फुग्यातली हवा आकसते. म्हणून सपाट, दगड नसलेली जागा.

उजेड होता तोवर पाहणी केली. फुग्यांच्या घडीत वाळू आणि बारीक खडे अडकतात, चाक वर-खाली होताना ते रबर घासत राहतात. बाटलीने पाणी मारून चारही फुगे धुतले. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा एक छोटा सेन्सर आणि त्याची बारीक दांडी असते. दगडाचा फटका बसून ती वाकली तर यंत्रणेला चुकीची उंची कळते आणि गाडी एका बाजूला कललेली राहते. चारही दांड्या सरळ होत्या. संरक्षक पत्र्यावर लांब ओरखडा पडला होता, पण तो पत्रा दबला नव्हता.

रात्री चहा घेताना दादांनी विचारलं, मग ही उंचीची सोय घ्यायची तरी कशासाठी? प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की तिच्यामुळे एकाच गाडीत दोन गाड्या मिळतात आणि त्यातली खालची गाडीही ऑफ-रोडला कामाची असते, हे लोक विसरतात. पाण्यात शिरताना वर: अंगाला लागणारं पाणी कमी, प्रवाहाचा आडवा रेटा कमी. खोल चाकोरीत वर. धोंड्यावरून पोट सोडवायला सगळ्यात वर, पण तेवढ्यापुरतं. आडव्या उतारावर मात्र खाली, कारण तिथे धोका कलंडण्याचा असतो आणि उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो. एक चाक खड्ड्यात आणि तिरक्या कोपऱ्यातलं दुसरं हवेत, अशी वाट असेल आणि पोटाला धोका नसेल, तर नेहमीच्या उंचीलाही जाऊन पाहावं, चाकांना सगळ्यात जास्त मोकळीक तिथे मिळते. 2020 ला आलेल्या डिफेंडरला एअर सस्पेन्शनमध्ये नेहमीपेक्षा 75 मि.मी. वर आणि टेकल्यावर एकूण 145 मि.मी.पर्यंत उचलता येतं. आकडे वाढले, पण चाकाच्या हालचालीचं गणित तेच आहे: वर घेतलेला प्रत्येक मिलिमीटर खालून वजा होतो.

1992 साली रेंज रोव्हरमध्ये ही यंत्रणा आली तेव्हापासून तिच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो रबराच्या फुग्यांवर डोंगरात जाणं म्हणजे मूर्खपणा, दुसरा म्हणतो बटण दाबलं की झालं. पहिल्या गटाला मी हा नाला दाखवेन. मोठा व्हीलबेस असलेल्या, अडीच टनांच्या गाडीने स्वतःला दगडावरून उचललं, विंच (दोर ओढणारी चरखी) न लावता. लोखंडी स्प्रिंगच्या गाडीत तिथे जॅक लावावा लागला असता, तोही वाहत्या पाण्यात. दुसऱ्या गटाला पुढची पंधरा मिनिटं दाखवेन.

दुसऱ्या दिवशी कुंझुम चढायचा होता. पहाटे इंजिन चालू करून पाच मिनिटं तसंच ठेवलं, टाकी भरू दिली, मग गाडी ऑफ-रोड उंचीला घेतली आणि लोसरच्या पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत बटणाला कोणी हात लावला नाही. मधले दोन्ही नाले सकाळच्या पाण्यात घोट्याएवढे होते.